अंगणातल्या पायऱ्यांचा माल दर वेळी कमी का पडतो: लक्षणं, तपासण्या आणि कुठे थांबायचं

पाच पायऱ्यांपैकी चार भरून होतात आणि सिमेंट संपतं. दुकान गावाबाहेर, ऊन डोक्यावर, मिक्सरचं भाडं चालू. मग उरलेल्या मालात दोन घमेली वाळू जास्त, बादलीभर पाणी जास्त असं करून शेवटची पायरी ‘भागवली’ जाते. पुढच्या पावसाळ्यात कड झडते ती नेमकी याच पायरीची. हा दोष सारखा समोर येतो आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा हिशेबाच्या कागदावरच सापडतं.

आधी लक्षण ओळखा, कारण प्रत्येक लक्षणाचं कारण वेगळं आहे:

- बाकी सगळं हिशेबात, फक्त वरची पायरी अपुरी: पायऱ्यांची मोजणी किंवा घनफळाचं सूत्र चुकलंय.
- निम्मं कामसुद्धा होत नाही: कोरड्या मालाचा हिशेब धरलेलाच नाही, आणि घनफळाचं सूत्रही चुकलंय.
- वाळू संपली, सिमेंट-गिट्टी उरली: वाळू ओली होती किंवा ट्रॉली कमी भरली होती.
- हिशेब बरोबर, माप बरोबर, तरी दोन-तीन पोती कुठे गेली कळत नाही: खड्डा जास्त खणला गेला किंवा आतला दगड पोकळ भरला.
- खालची पायरी उंच, वरची ठेंगणी: फरशीची जाडी धरली नाही.
- एप्रिल-मेमध्ये पायऱ्या आणि जोतं यांत फट: हा मालाचा प्रश्न नाही, जमिनीचा आहे. सरळ शेवटच्या तपासणीकडे जा.

खाली सगळीकडे एकच उदाहरण धरलंय. अंगणापासून जोतं ३ फूट उंच, पायऱ्यांची लांबी ५ फूट, पाय ठेवायची जागा म्हणजे ट्रेड १२ इंच, उभी उंची म्हणजे रायझर ६ इंच. पायऱ्या भरीव काँक्रीटच्या, खाली पक्की जमीन.

१. टेप कुठे लावला होता?

या तपासणीला पैसा लागत नाही आणि सगळ्यात मोठी चूक इथेच सापडते. जोत्याची उंची भिंतीला टेप लावून मोजतात. पण पहिली पायरी भिंतीपाशी नसते, ती ५ फूट पुढे अंगणात असते. पाणी घरापासून लांब जावं म्हणून अंगणाला उतार दिलेला असतो. पाण्याची नळी घ्या, जोत्याची पातळी ५ फूट बाहेर आणा आणि तिथून खाली मोजा. फुटाला एक इंच उतार असेल तर ५ फुटांत ५ इंच वाढतात, म्हणजे ३६ चे ४१ इंच झाले.

आता ६ रायझरमध्ये बसवायचं तर प्रत्येकी जवळपास ७ इंच, म्हाताऱ्या माणसाला चढायला जड. ७ रायझर केले तर प्रत्येकी ५.८६ इंच, बरोबर बसतं. पण एक पायरी वाढली म्हणजे माल पाचावरून सहावर गेला असं होत नाही. नवी पायरी सगळ्यांच्या खाली येते आणि तीच सगळ्यात लांब असते. ३७.५ घनफुटांचे (हा हिशेब तिसऱ्या तपासणीत आहे) ५१.३ घनफूट होतात, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढ. एका टेपच्या चुकीत तीन पोती सिमेंट जातं.

अंगणाला आडवा उतारही असेल तर पायरीच्या दोन्ही टोकांना मोजा आणि जास्त असेल ती उंची धरा.

२. रायझर किती, पायऱ्या किती?

३६ इंचांत ६ इंचांचे ६ रायझर. पण काँक्रीटच्या पायऱ्या ५, कारण सहावं पाऊल जोत्यावरच पडतं. पायऱ्या नेहमी रायझरपेक्षा एकने कमी. मिस्त्री रायझर मोजतो, मालक पायऱ्या मोजतो आणि दोघंही ‘सहा’ म्हणून मोकळे होतात. कागदावर बाजूचं चित्र काढा, मगच आकडा लिहा.

इथेच इंचांचंही बघून घ्या. ६ इंच म्हणजे ०.५ फूट, ०.६ नाही. ४ इंच म्हणजे ०.३३, ९ इंच म्हणजे ०.७५. मोबाइलवर ६ इंच हे ०.६ असे टाकले की माल वीस टक्के जास्त येतो. उरलेलं सिमेंट पुढच्या कामाला ठेवलं जातं आणि पावसाळ्यात दगड होतं.

३. त्रिकोणाचा हिशेब

बाजूने बघितलं तर पायऱ्या त्रिकोणी दिसतात. म्हणून पाया गुणिले उंची भागिले दोन: ५ × २.५ ÷ २ × ५ = ३१.२५ घनफूट. हे चूक आहे. त्रिकोणाची तिरपी रेघ पायऱ्यांच्या आतल्या कोपऱ्यांतून जाते, आणि रेघेच्या वर प्रत्येक पायरीचा एक छोटा त्रिकोण उरतो, तो मोजलाच जात नाही. बरोबर पद्धत अशी:

लांबी × रायझर × ट्रेड × (१+२+३+४+५)
५ × ०.५ × १ × १५ = ३७.५ घनफूट

त्रिकोणाने सव्वासहा घनफूट कमी धरले, म्हणजे सहावा हिस्सा. पायऱ्या जितक्या कमी तितकी ही चूक मोठी. तीनच पायऱ्या असतील तर पूर्ण चौथा हिस्सा कमी पडतो. छोटं काम म्हणून अंदाजाने माल मागवतात आणि छोट्या कामातच तो हमखास कमी पडतो, त्यामागे हे एक कारण आहे.

४. कोरडा माल ओला झाला की बसतो

सिमेंट, वाळू, गिट्टी कोरडी मोजून एकत्र केली आणि पाणी घातलं की गिट्टीच्या पोकळीत वाळू आणि वाळूच्या पोकळीत सिमेंट जातं. १.५४ घनफूट कोरड्या मालाचं साधारण १ घनफूट काँक्रीट होतं. हा गुणक विसरला की माल एकतृतीयांशाने कमी येतो.

डोक्यात ठेवायला सोपा आकडा असा: ५० किलोचं एक पोतं १.२५ घनफूट धरायचं. १:१.५:३ या प्रमाणात, म्हणजे एम-२० मध्ये, एका पोत्याला १.८७५ घनफूट वाळू आणि ३.७५ घनफूट गिट्टी लागते. त्यातून साधारण साडेचार घनफूट काँक्रीट निघतं, काटेकोर बघितलं तर ४.४६. १:२:४ घेतलं तर ५.७ घनफूट निघतं. उघड्यावरच्या पायऱ्यांना ऊन, पाऊस आणि माणसांची ये-जा सतत असते, त्यामुळे १:१.५:३ च घ्या. दीड-दोन पोत्यांची बचत कडा झडण्यात वसूल होते.

आपल्या उदाहरणात ३७.५ घनफूट, त्यात सांडलवंड आणि फळ्यांची फुगवट धरून दहा टक्के, म्हणजे सव्वाएक्केचाळीस. त्याला ४.४६ ने भागलं की सव्वानऊ पोती. त्रिकोण धरला आणि सांडलवंड धरली नाही तर हाच आकडा ७ येतो. वर १.५४ चा गुणक विसरला तर साडेचार. लक्षण आणि चूक इतकी सरळ जुळते.

पायऱ्यांखाली बैठक म्हणून ४ इंच जाडीचा १:४:८ चा थर, तीन मोकळ्या बाजूंनी ३-३ इंच बाहेर: ५.५ × ५.२५ × ०.३३ म्हणजे साधारण साडेनऊ घनफूट. या प्रमाणात एका पोत्यात साडेदहा घनफूट निघतं, म्हणून एक पोतं, ५ घनफूट वाळू, १० घनफूट गिट्टी.

सगळं मिळून सव्वादहा पोती, मागवा ११. जास्तीचं पाऊण पोतं कडा घोटायला आणि स्लरीला (पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट) लागतंच. वाळू सव्वाबावीस घनफूट, गिट्टी ४५. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा गिट्टी अर्धा ब्रास घेतली की झालं. वाळूचं मात्र पाव ब्रासवर भागत नाही, ते का ते पुढे.

५. घमेलं हे माप नाही

वाळूचं घमेलं शीगभर भरतं, गिट्टीचं सपाट, आणि दुपारनंतर दोन्ही हलकी होत जातात. लाकडी पेटी करून घ्या: आतून १२ इंच लांब, १२ इंच रुंद, १५ इंच खोल. बरोबर १.२५ घनफूट, म्हणजे एक पोतं. एका पोत्याला दीड पेटी वाळू, तीन पेट्या गिट्टी. मजुरांना घमेल्यानेच सोयीचं असेल तर सकाळी एकदा त्यांच्याच घमेल्याने पेटी भरून बघा आणि आलेला आकडा मिक्सरशेजारच्या भिंतीवर खडूने लिहा.

पाण्यालाही माप हवं. एम-२० ला एका पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. उन्हात काँक्रीट घट्ट होऊ लागलं की वरून पाणी मारलं जातं. माल सैल होतो, पण ताकद जाते. त्यापेक्षा गिट्टी आदल्या संध्याकाळी भिजवा, सकाळी सहा-सातला भरायला घ्या आणि पाणी घातलेला माल अर्ध्या तासात जागेवर पडेल एवढाच कालवा.

६. वाळूची बाटली-परीक्षा

गोदावरी, मांजरा, सिंदफणा, कुठलीही वाळू असो, किंचित ओली असताना फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. पूर्ण कोरडी वाळू फुगत नाही, पाण्यात बुडालेलीही नाही, मधली फुगते. क्रश सँडलाही (दगड फोडून केलेल्या वाळूलाही) हे लागू आहे.

सरळ बाजूंची काचेची बरणी घ्या. २० सेंटिमीटरपर्यंत ट्रॉलीतली वाळू सैल भरा. पाणी ओतून काडीने ढवळा, बसू द्या. पातळी १६ वर आली तर ४ भागिले १६, म्हणजे २५ टक्के फुगवटा. अशा वाळूची दीड पेटी भरली तर खरी वाळू सव्वा पेटीच्या आत जाते. काँक्रीट खरखरीत होतं, गिट्टी उघडी पडते आणि एका पोत्यामागे निघणारं काँक्रीटही घटतं. एवढा फुगवटा असेल तर वाळू सव्वापट घ्या. सव्वाबावीसच्या जागी २८ घनफूट लागेल, पाव ब्रास मागवला तर तीन घनफूट कमी पडतील.

ट्रॉली खाली करण्याआधी आतून मोजा. १० फूट × ६ फूट × दीड फूट म्हणजे ९० घनफूट, तो ब्रास नव्हे. वरची शीग वाटेत हलून बसते, तेव्हा वाळू फावड्याने सपाट करूनच उंची घ्या. मोजणी ट्रॉलीत, व्यवहार त्यानंतर. ढीग पडल्यावर कोणाचंच माप सिद्ध होत नाही.

७. खड्डा आणि पोटातला दगड

इथून पुढे तपासणी महाग होते, कारण फावडं लागतं. ५.५ × ५.२५ फुटांच्या तळात खड्डा फक्त २ इंच जास्त खणला गेला तर ४.८ घनफूट काँक्रीट जास्तीचं लागतं. एम-२० ने भरला तर एक पोतं त्या दोन इंचांत गेलं. जास्त खणलेला भाग मुरुमाने भरून चोपा, काँक्रीटने नाही. आणि मुरूम मागवताना लक्षात ठेवा, पाणी मारून चोपल्यावर तो साधारण चौथाई बसतो.

सिमेंट वाचवायला पायऱ्यांच्या पोटात काळा दगड भरतात. पद्धत चांगली आहे. ट्रेडखाली, आतल्या कोपऱ्यांपाशी आणि दोन्ही बाजूंना ६ इंच काँक्रीट सोडून आपल्या उदाहरणात पोटात १६ घनफूट जागा मिळते. साडेतीन पोती वाचायला हवीत. प्रत्यक्षात दोनच वाचतात, कारण सुका दगड नुसता टाकला की त्याच्या सांदीत तीस-चाळीस टक्के पोकळी राहते आणि वरचं ओलं काँक्रीट तिच्यात उतरतं. पाच-सहा घनफूट असे गिळले जातात. दगडाचा एक थर लावा, सांदीत चिपा आणि मुरूम भरा, पाणी सोडा, धुमसाने ठोका, मग दुसरा थर. सगळ्यात वर पातळ माल पसरून सांदी बंद करा आणि दुसऱ्या दिवशी काँक्रीट भरा. खालची पोकळी नंतर बसली तर ट्रेड मधोमध तडकतो, आणि त्यावर वरून लेप मारून काहीही होत नाही.

भरावाच्या जागेवर खालच्या थरात सळईची जाळी टाकायची असेल तर १:४:८ चालणार नाही, तोही एम-२० करावा लागेल, सव्वादोन पोती. दुबळ्या काँक्रीटमध्ये सळई गंजते. ८ मिलिमीटर सळई दोन्ही बाजूंनी ८ इंचांवर धरली तर साधारण १९ तुकडे होतात. १२ मीटरच्या एका सळईतून सात निघतात, म्हणून तीन सळया, वजन साधारण सव्वाचौदा किलो.

८. वर काय बसणार आहे?

शहाबादी किंवा कोटा फरशी बसवणार असाल तर मसाला धरून २ इंच चढतात. घराची फरशी आधीच झालेली असते. सगळ्या पायऱ्या २ इंचांनी वर गेल्या की पहिला रायझर ८ इंच होतो आणि शेवटचा ४. मधले सगळे सहाचेच राहतात, म्हणून नजरेला काही दिसत नाही, पाय मात्र अडखळतो. उपाय काँक्रीट भरण्याआधीच असतो: पहिली काँक्रीट पायरी ४ इंचांची ठेवा, बाकी ६ च्या. माल एकदम २५ × ०.१६७ म्हणजे सव्वाचार घनफूट कमी लागतो, जवळजवळ एक पोतं. ट्रेडला पुढच्या बाजूला फुटामागे पाव इंच उतार द्या, पाणी साचत नाही.

काम चालू असताना माल संपलाच तर

वाळू-पाणी वाढवून भागवू नका. जी पायरी पूर्ण होतेय ती पूर्ण करा आणि तिच्या पातळीवर थांबा, ट्रेडच्या मधे कधीही नाही. ज्या भागावर पुढची पायरी येणार तिथला पृष्ठभाग ओला असतानाच तारेच्या ब्रशने खरखरीत करा. दुसऱ्या दिवशी धुवा, सिमेंटची स्लरी लावा, ती वाळायच्या आत नवा माल टाका. सांधा पायरीच्या कोपऱ्यात लपतो आणि टिकतो.

पाण्याची सोय माल मागवण्याआधी बघा. उन्हाळ्यात टँकरवर असलेल्या गावात काँक्रीट भरून क्युरिंगला, म्हणजे ते ओलं ठेवायला, पाणी नसणं, हे सिमेंट कमी पडण्यापेक्षा वाईट. कोरड्या उन्हात साध्या ओपीसी सिमेंटला किमान १० दिवस आणि पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) १४ दिवस ओल हवी. रिकाम्या पोत्यांचं गोणपाट अंथरून सकाळ-संध्याकाळ भिजवलं तर थोडक्या पाण्यात निभावतं. बोअरचं पाणी भांड्यावर पांढरा थर धरत असेल आणि आत सळई असेल तर ते पाणी आधी तपासून घ्या.

९. जमीन

परभणी, नांदेड, लातूर, बीड, कुठेही काळी जमीन असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराचा पाया खोल असतो, पायऱ्यांचा नसतो. म्हणून घर जागेवर राहतं आणि पायऱ्या खाली-वर होतात. जोत्याशी फट पडते ती इथून. ती फट दर वर्षी सिमेंटने भरणं म्हणजे दर वर्षी तेवढाच माल वाया घालवणं.

पहारीने पायरीच्या जागी दोन ठिकाणी खड्डा घेऊन बघा. दोन-अडीच फुटांत मुरूम लागला तर काळी माती पूर्ण काढा, ६-६ इंचांच्या थरांत मुरूम चोपत वर या आणि हा भराव हिशेबात वेगळा धरा. पायऱ्या आणि जोतं यांच्यात अर्ध्या इंचाचा थर्माकोल किंवा डांबरी फेल्ट सोडा. दोन्ही आपापली हलू शकतात, फट सरळ आणि ठरलेल्या जागी राहते. पायऱ्यांच्या शेजारी पन्हळीचं पाणी पडत असेल तर ते आधी वळवा.

इथे थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा

- चार फूट खणूनही काळी माती संपत नाही.
- पायऱ्यांच्या खाली शौचालयाची टाकी, नाली किंवा पोकळ जागा आहे. तिथे भरीव पायऱ्यांचं वजन चालत नाही. आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) स्लॅबच्या पायऱ्या लागतात, आणि त्यांची सळई अंदाजाने ठरवायची नसते.
- उंची चार फुटांच्या वर जाते किंवा पायऱ्यांना बाजूने मातीचा दाब आहे.
- जोत्यालाच तिरपी भेग आहे, किंवा फट वरून रुंद आणि खाली अरुंद आहे.
- जोतं मातीत बांधलेल्या दगडाचं आहे. लातूर-धाराशिव पट्ट्यात अशी जुनी घरं अजून आहेत, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती कोसळल्या होत्या. त्यात ड्रिल मारून सळई अडकवू नका, पायऱ्या त्याला टेकवूही नका.

इंजिनिअर येईपर्यंत बाजूचं चित्र, जोत्यापासून पाच फुटांवर घेतलेली उंची आणि खड्ड्यात लागलेल्या थरांची खोली एका कागदावर लिहून ठेवा. पहिल्यांदा तो हेच तीन आकडे विचारेल.